आठ वाजता थांबणारी वरात

मास्तर आठ वाजता वरात थांबवायचे. नवरदेव घोड्यावर, पोरं घामाघूम, कुणाचा तरी मावसभाऊ नागीण होऊन रस्त्यावर लोळतोय, आणि अशा ऐन रंगात मास्तरांचा हात वर जायचा. ट्रम्पेट बंद, ढोल बंद, खुळखुळे बंद. नागीण तिथंच डांबरावर पडून. मास्तर लाल कोटाच्या खिशातून डबी काढायचे, गोळी जिभेवर ठेवायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे, टोपी सरळ करायचे आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच उचलायचे. कुणी ओरडलं, "ओ मास्तर, काहून थांबले?" तर म्हणायचे, "तुमचा मुहूर्त महाराज मांगंपुढं करते, भाऊ. माझी गोळी मांगंपुढं होत नाई."

गोळी मिरगीची होती. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. कळंबात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरगावचे लोक समजायचे, शुगरची असेल. कुणी सरळ विचारलं तर मास्तर सरळ सांगायचे. नाही विचारलं तर आपणहून सांगत नसत. या दोन वाक्यांमधलं अंतर मला तेव्हा कळत नव्हतं. ते कळायला माझ्या हातून एक घाण व्हावी लागली. ती पुढे सांगतेच.

मी तेव्हा एका छोट्या संस्थेसाठी गावोगाव मिरगीवरची पत्रकं वाटायचे. बावीस वर्षांची होते, गळ्यात झोळी, झोळीत पत्रकं आणि डोक्यात राग. सरकारी दवाखान्यात गोळ्यांसाठी लागलेल्या रांगेपुढे उभी राहून मी माझं भाषण झोडत होते. चप्पल हुंगवू नका, कांदा हुंगवू नका, हातात किल्ली कोंबू नका, तोंडात चमचा घालू नका, धरून दाबू नका! रांगेतून एक आवाज आला, "पोरी, तू नुसतं नका-नका सांगून राह्यली. मंग करा काय?"

मी म्हटलं, ते चौथ्या पानावर आहे.

"वा! माणूस रस्त्यावर पडला हाय, आन तू त्याले चौथ्या पानावर घेऊन चालली!"

रांग हसली. तो आवाज मास्तरांचा होता. त्यांनी मग रांगेतूनच, जागा न सोडता, माझं चौथं पान सांगून टाकलं. "आजूबाजूचं दगड-धोंडं सरकवा. कुशीवर वळवा. डोक्याखाली काई मऊ ठेवा. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबलं नाई त दवाखान्यात न्या. आन तो उठला की त्याले चहा पाजा, त्याचा तमाशा करू नका." एवढंच. पुढच्या छपाईला मी चौथं पान पहिलं केलं. आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले.

त्यांना सतराव्या वर्षी पहिला झटका आला. त्यानंतरची कितीतरी वर्षं धागे, ताईत, अंगारा आणि चपला यांत गेली. हे ऐकताना माझ्या कानशिलाच्या शिरा ताठ व्हायच्या. ते मात्र नक्कल करून सांगायचे. कोणत्या बाबाची दाढी कशी, कोण किती जोरात फुंकायचा. "एकाची फुंक इतकी दमदार होती, पोरी, मी त्याले म्हटलं, बाबा, माझ्या बँडात या." मी चिडून म्हणायचे, मास्तर, यात हसण्यासारखं काय आहे? ते म्हणायचे, "चपलेनं मिरगी जात असती त लोकायनं चपलेच्या दुकानात दवाखाना नसता उघडला? हे तू भाषणात सांगशीन त लोकं झोपतीन. मी हसून सांगतो त घरी जाऊन बायकोले सांगते."

गोळी त्यांना मिळाली तीही लग्नातच. एका वरातीत ते ढोलावर कोसळले, आणि नवरीचा मामा निघाला कंपाउंडर. त्यानं दुसऱ्या दिवशी हात धरून दवाखान्यात नेलं. "चपलेनं जे झालं नाई ते नवरीच्या मामानं केलं," असं ते प्रत्येक लग्नात नवरीच्या मामाला सांगायचे. मामा बिचारे कारण न कळता खूश व्हायचे.

गोळीबद्दल त्यांची एक म्हण होती. "गोळी म्हंजे सासू. रोज सलाम करा, गप बसते. दोन दिवस विसरा, सगळ्या गावादेखत हिशोब घेते." सासूवरचे विनोद मला पटत नाहीत, तसं मी बोलूनही दाखवलं. उत्तर आलं, "तुझं लगन होऊ दे, मंग पत्रक काढ." डाव्या भुवईवर त्यांना टाके पडल्याची खूण होती. दोन वर्षं झटका आला नाही म्हणून मास्तरांनी एकदा आपल्याच मनानं गोळी सोडली होती आणि पायरीवर पडले होते. त्या खुणेवर बोट ठेवून म्हणायचे, "हे माझ्या हुशारीचं सर्टिफिकेट." रमजान आला की आधी डॉक्टरांकडे जायचे. गोळीची वेळ पहाटेच्या सहरीला आणि संध्याकाळच्या इफ्तारीला बसवून घ्यायचे, मगच रोजे धरायचे. शेजारी कुणी म्हणालं, अल्लाहवर भरोसा ठेवा, तर म्हणायचे, "भरोसा हाय म्हणूनच त त्यानं पाठवलेल्या डॉक्टरले विचारून राह्यलो."

त्यांच्या बँडाचा एक रिवाज मी केळापूरच्या लग्नात पाहिला. जगातल्या कुठल्याही पत्रकात तो नाही. लागोपाठ लग्नं होती, मास्तरांची दोन दिवस नीट झोप झाली नव्हती. गोळी घेतलेली होती, पण झोप नसली की गोळी एकटी तरी किती लढणार? वाजवता वाजवता त्यांचा हात आखडला आणि ते खाली गेले. बँड थांबला नाही! सगळे चार पावलं सरकले, मास्तरांभोवती गोल झाला, पाठी मास्तरांकडे आणि तोंडं लोकांकडे. वाजवणं चालूच. आत फक्त त्यांचा भाचा इरफान, सॅक्सोफोन बाजूला ठेवून, मामूला कुशीवर वळवून, कोटाची वरची गुंडी सोडून बसलेला. एक बाई धावत कांदा घेऊन आल्या. ढोलवाला काड्या न थांबवता म्हणाला, "काकू, भजे मंग तळू."

नंतर मी इरफानला विचारलं, वाजवत का राहता? तो म्हणाला, "ताई, आमचं घड्याळ तेच हाय. एक गाणं संपाच्या आत मामू शांत होते. दुसरं अर्ध्यावर गेलं न मामू शांत नाई झाले, त अँब्युलन्स." त्या दिवशी पहिलं गाणंही संपलं नव्हतं. अर्धा तास मेटाडोरात झोपून मास्तर उठले आणि पहिला प्रश्न केला, "वाजवलं कोणतं?" इरफाननं सांगितलं. "हळू वाजवलं असशीन. लोकं समजले असतीन, मास्तर गेला."

हे पाहून मी इतकी भारावले की माझं डोकं फिरलं, आणि फिरलेल्या डोक्यानं मी ती घाण केली. मास्तरांना म्हटलं, फोटो काढू का? ते लाल कोट घालून, ट्रम्पेट छातीशी धरून ऐटीत उभे राहिले. महिन्याभरात तो फोटो माझ्या नव्या पत्रकावर आला. वर जाड अक्षरांत 'मिरगीवर मात करणारा बँडमास्तर', खाली बँडचं नाव. मी ती पत्रकं कळंब, राळेगाव, पांढरकवडा, जिथं एसटी थांबते तिथं वाटली. मला वाटलं होतं, मास्तरांची मान उंच होईल. झालं असं की लोक दिलेली सुपारी परत घ्यायला आले. कुणी म्हणालं डीजे ठरवला, कुणी म्हणालं लग्नच पुढे ढकललं. खरं कारण एकच होतं. शुभकार्यात समोर मिरगीवाला नको.

इरफान माझ्यावर ओरडला, "ताई, लोकायले जागं करता करता तुम्ही मामूले घरी बसवलं!" लग्नाचा हंगाम तोंडावर होता. हंगाम गेला तर बँड मोडणार, आणि बँड मोडला तर मास्तर म्हणजे नुसता एक लाल कोट घातलेला म्हातारा. मास्तर ओरडले नाहीत. म्हणाले, "फोटो काढू का, हे तू विचारलं. फोटो कुठं जाईन, हे नाई विचारलं. माझी मिरगी माझी हाय. कोणाले कवा सांगाची, ते मी ठरवीन. त्या फुंकणाऱ्या बाबानं मले विचारलं नोतं. तू बी नाई."

मला माझ्या आयुष्यात कुणी इतकं खरं आणि इतकं वाईट बोललेलं नाही.

मी पत्रकं गोळा करत फिरले. बरीचशी कुणाकुणाकडून परत मागून आणली, पण राळेगावच्या स्टँडवर नाश्त्याच्या गाडीवाल्यानं तर गठ्ठाच खिळ्याला टांगला होता. मास्तरांच्या घरी जाऊन मान खाली घालून सांगितलं, मास्तर, तुमच्यावर आलूबोंडे ठेवून देत होता तो. हसू दाबताना मास्तरांचं पोट हलायला लागलं. "कसे होते?" "काय?" "आलूबोंडे, बावळट!" आणि आमचं मिटलं.

हंगामात एक सुपारी टिकली, राळेगावकडची, तीही अटीवर. नवरदेवाचे मोठे काका म्हणाले, बँड आणा, पण मास्तर मागच्या ओळीत. समोर इरफान. मी पत्रक काढायला झोळीत हात घातला. मास्तर म्हणाले, "ठेव ते. लग्नात भाषण नसते." आणि खरंच मागं जाऊन उभे राहिले. तीस वर्षं वरातीच्या पुढे चाललेला माणूस झांजवाल्याच्या मागं. मी मेटाडोरातून त्यांच्यासोबत आले होते, आता त्यांच्या शेजारून मुकाट चालत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मास्तर गाडी चालवत नसत, झटका सांगून येत नाही म्हणून. त्यामुळे गावात पोचले की आधी पायी फिरून वरातीचा सगळा रस्ता पाहून ठेवायचे. कुठं तार खाली आली आहे, कुठं नाली उघडी आहे, मांडव कोणत्या गल्लीत. इरफानला हे काही सुचलं नाही. दुपारचं लग्न, ऊन मी म्हणतंय, आणि इरफान मामूची जागा मिळाल्याच्या तोऱ्यात डोळे मिटून सॅक्सोफोन फुंकतोय. चौकातून उजवीकडे वळायचं होतं, तो डावीकडे वळला. त्याच्या मागं बँड, बँडामागं घोडा, घोड्यामागं गाव.

डावीकडेही मांडव होता. तसाच गुलाबी, तशीच झालर. तिथं दुसरंच लग्न होतं, आणि त्यांचाही नवरदेव अजून यायचाच होता. आमचा बँड पाहताच तिथल्या बायका ताट घेऊन धावल्या. एका काकूंनी आमच्या नवरदेवाला ओवाळायला दिवा वर केला, मुंडावळ्या बाजूला सारून पाहिलं आणि किंचाळल्या, "अवं बाई! हा आमचा जावई नोहे!"

घोड्यावरून नवरदेव म्हणाला, "मले बी तसंच वाटते."

मग जो गोंधळ झाला! ते म्हणतात हाकला, आमचे म्हणतात मुहूर्त चालला, इरफान घामानं निथळतोय, घोडा त्यांच्या मांडवाची केळ खातोय. मी मास्तरांकडे पाहिलं. चेहरा गरीब गायीसारखा. हळूच विचारलं, तुम्हाला रस्ता माहीत होता ना? सकाळी तुम्ही पाहून आला होता ना? ते म्हणाले, "मी मांगच्या ओळीत हाओ. मांगच्यानं रस्ता सांगू नये."

तेवढ्यात ते मोठे काका गर्दीतून वाट काढत आले, फेटा एका कानावर. "मास्तर! अहो मास्तर, समोर या न!"

"मी बिमार माणूस हाओ, काका. शुभकार्य हाय."

"काहीचे बिमार! पाया पडतो, चला, इकडं पोरगं दुसऱ्याच्या घरी लागून राह्यलं!"

मास्तर चालू लागले. झांजवाला बाजूला झाला, ढोलवाला बाजूला झाला, इरफाननं मान खाली घातली. मास्तरांनी जाता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारली, समोर जाऊन उभे राहिले, ट्रम्पेट ओठाला लावलं, आणि घोड्यासकट सगळी वरात एका सुरात मागं वळली. पत्रकानं माझ्या जन्मात झालं नसतं ते एका चुकीच्या वळणानं झालं. त्या हंगामात अट घालायला पुन्हा कुणी आलं नाही. उलट सुपारी देताना लोक म्हणायचे, मास्तर समोर पाहिजे हां, नाहीतर आमचं पोरगं भलतीकडे जाईल.

त्यानंतर तीन वर्षं ते समोर चालले, गोळी घेत, वरात थांबवत. मग समोरचे वरचे दोन दात हलले आणि पडले. ट्रम्पेटला ओठ लागतात आणि ओठांना मागून दातांचा टेकू. कवळी बसवली, तर पहिल्या सरावातच ती ट्रम्पेटशी भांडायला उठली. मास्तरांनी ट्रम्पेट पुसून इरफानच्या हातात दिलं आणि वणीला लेकीकडे जायचं ठरवलं.

कळंबच्या स्टँडवर मी सोडायला गेले होते. एसटीला उशीर होता. मी बराच वेळ चुळबुळ केली आणि शेवटी विचारलं, मास्तर, तुमच्यावर लिहू का? छापून येईल. दूरदूरचे लोक वाचतील. मिरगीचंही येईल त्यात. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

तेवढ्यात एसटी आली. ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि समोरची फट दाखवत हसले. "लिही. पण खरं लिही. लोकं म्हणतीन, मिरगीनं मास्तरले घरी बसवलं. त्याहिले सांग, मिरगीची काय बिशाद. मले दातानं बसवलं."