बारा अंशांखालचं पाणी

फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागातल्या सत्तावीस घरांचे पोहण्याचे तलाव ओदिल लाकोंब गेली बावीस वर्षं सांभाळते. क्लोरीनने तिचे हात खरखरीत झालेत, आणि जीभही, असं गावात म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या सणाला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातात, त्या आठवड्यात तिचा फोन थांबत नाही. सगळ्यांना हिवाळ्यासाठी तलाव तेव्हाच बंद करून हवा असतो.

त्या शनिवारी बेर्तोमे यांच्या तलावातून तिने थर्मामीटर काढला. सोळा अंश.

"आज बंद नाही करता येणार, मस्यू बेर्तोमे."

ऐंशीचे बेर्तोमे सामान बांधून तयार होते. "अहो बाई, उद्या मी मुलीकडे लियाँला चाललोय. कॅलेंडर बघा की!"

"शेवाळाला कॅलेंडर वाचता येत नाही."

"आधीचा माणूस अर्ध्या तासात आवरायचा."

"आणि वसंतात तुम्ही बेडूक मोजायचात."

बेडकांचं कारण म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पाणी बाराच्या खाली उतरण्याआधी झाकलं तर ताडपत्रीखाली शेवाळ माजतं आणि सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. गेल्या वसंतात तसंच पाणी सोडावं लागलं, आणि उन्हाळ्यात दुष्काळामुळे तलाव पुन्हा भरायला बंदी होती. तलाव कोरडा, म्हणून नातवंडं ऑगस्टमध्ये फिरकलीच नाहीत. तसं पुन्हा होऊन चालणार नव्हतं.

"थांबतो मी. पण मुलीला तुम्ही सांगा."

"पाण्याचं मी बघते. मुलीचं तुमचं तुम्ही."

मग रोज सकाळी आठला बेर्तोमेंचा फोन. "पंधरा." "चौदा. आता?" "नाही." एके दिवशी ते ओरडलेच, "अकरा!" ओदिल गाडी काढून आली, बाही वर करून थर्मामीटर धरलेला हात कोपरापर्यंत बुडवला. तेरा.

"तुम्ही वरवरचं पाणी मोजलंत."

"वरचंही पाणीच असतं की!"

खरे अकरा व्हायला आणखी नऊ दिवस लागले. तिने पीएच सात पूर्णांक दोनवर आणला, क्लोरीनचा मोठा डोस टाकला, पंप रात्रभर चालू ठेवला. हिवाळ्याचं शेवाळनाशक लगेच ओतलं असतं तर क्लोरीनने ते खाऊन टाकलं असतं. म्हणून क्लोरीन पुरेसं उतरल्यावर दोन दिवसांनी ते घातलं. मग पाणी नळांच्या तोंडाखाली उतरवलं, थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून नळ रिकामे करून त्यांना बुचं मारली. ताडपत्रीचं दुसरं टोक बेर्तोमेंनी धरलं.

"वसंतात स्वच्छ निघेल?"

"पाणी बारावर चढायच्या आत उघडलं तर निघेल. मार्चमध्ये फोन करा."

त्यांनी तिथेच उभं राहून मुलीला फोन लावला. "उद्या येतो. आणि पोरांचं ऑगस्टचं तिकीट काढून टाक."