तांदळातलं नाव

काल ज्या बाई गेल्याचा मेसेज आला, त्यांना मी ओळखतच नव्हते.

"सौ. स्नेहलता यांचे निधन. अंत्ययात्रा संध्याकाळी, बोळिंज येथील राहत्या घरून."

दुकानदारांच्या ग्रुपवर आलं होतं. मी हात जोडलेला इमोजी टाकला आणि भाजीकडे वळले.

मग कुणीतरी फोटो टाकला.

आमच्या कुंदाताई.

गॅस बंद केला. त्या भाजीचं पुढे काय झालं, मला आठवत नाही.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बोळिंजला पहिल्या मजल्यावर त्यांचं टॅक्सचं ऑफिस. जुलैत जिन्यापर्यंत रांग. शिक्षक, पार्लरवाल्या, पाचूबंदरचे बर्फवाले, सगळे यायचे आणि सगळे बोलणी खायचे.

"टॅक्स प्लॅनिंग एप्रिलमध्ये करतात. मार्चमध्ये करतात ती पळापळ."

माझं पोळीभाजी केंद्र तेव्हा नवीन होतं. बँकेचं लोन हवं होतं, त्यासाठी बायकांचे पगार रीतसर दाखवायचे होते. फाइल घेऊन गेले.

"बायका कुठायत?"

"ताई, कागद आणलेत ना सगळे."

"कागद पोळ्या लाटतात का? बायकांना घेऊन ये."

गेलो सगळ्या. ताईंनी एकेकीला विचारलं, नाव काय? आणि नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला.

"हे सासरचं. बापाने काय ठेवलेलं?"

बायका लाजायला लागल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे कोण विचारतं!

ताई म्हणाल्या, "नवऱ्याने अंगठीने तांदळात नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण कम्प्युटरला तांदूळ दिसत नाहीत गं. त्याच्यासाठी तुम्ही दोन वेगळ्या बायका."

यमुना मागे भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडची वयाने सगळ्यात मोठी, चांदीप गावची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लग्नाआधी आणि नंतरही ती वसई पूर्वेला एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथला पीएफ माहेरच्या नावावर. आधार कार्ड सासरच्या. कारखाना बंद पडला आणि तिने त्या वर्षांवर पाणी सोडलं.

"माहेरचं नाव?"

"हिरू. पन ती हिरू कवाच गेली, ताय. आता तिला कुठनं आनू?"

ताईंनी चष्मा काढला. "आणायची. तुझी ती वर्षं आणि इथली वर्षं जोडली, तर म्हातारपणी पेन्शन बसेल. नाहीतर हात दुखायला लागले की कुणाच्या दारात जाशील?"

यमुनाने माझ्याकडे बघितलं.

मी आपलं म्हटलं, एवढ्याशा धंद्याला पीएफची सक्ती कुठाय? ताई म्हणाल्या, "सक्ती नाहीच. स्वतःहून घेता येतो. घेतेस का?" असं विचारल्यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद!

मग सुरू झाली हिरूची शोधाशोध. ताई स्वतः स्कूटरवर तिला मागे बसवून चांदीपच्या शाळेत गेल्या, दाखला काढला; त्यावर नाव होतं 'हिरा'. ॲफिडेव्हिट केलं. पीएफ ऑफिसात अर्ज गेला.

आणि परत आला. सही जुळत नाही.

कशी जुळणार? तिने त्या नावाने सही करून जमाना झाला होता. पेन धरला की 'य'च उमटायचा.

ताई दुपारी माझ्या किचनमध्ये आल्या. परातीत कोरडं पीठ पसरलं आणि म्हणाल्या, "इथे लिही. पेन नको. बोटाने."

हिरा.

पुसायची, लिहायची. पोळ्यांची ऑर्डर खोळंबली होती. चौथी-पाचवीतल्या मुलीसारखं वळण हळूहळू परत आलं. आणि यमुना त्या पिठाकडे बघून रडायला लागली.

ताईंनी तिला रडू दिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू गं? बापाने काय ठेवलेलं?"

"सुमन."

त्या दिवसापासून त्या मला सुमनच म्हणायच्या. बाबा गेल्यावर या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढे अर्ज मंजूर झाला. वर्षं जोडली गेली. यमुनाने ताईंसाठी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, नेली. ताईंनी एक लगेच तोंडात टाकलं, म्हणाल्या, "फी पोचली."

यंदा यमुनाची पेन्शन सुरू झाली.

काल तिला घेऊन गेले. घरात सगळे "स्नेहा, स्नेहा" म्हणून रडत होते. यमुना दाराशीच थबकली. मला म्हणाली, "आपन चुकीच्या घरी तर नाय ना आलो?"

ताईंच्या नणंदेने विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, कुंदाताईंना शेवटचं बघायला आलोय.

"कुंदा कोण?"

कोपऱ्यातून ताईंचे मिस्टर उठले. डोळे सुजलेले. म्हणाले, "तीच. ऑफिसात ती कुंदा होती. येऊ द्या त्यांना."

मी एकदा ताईंना त्यांचं सासरचं नाव विचारलं होतं. "ते घरी असतं," म्हणाल्या होत्या. मला वाटलं, चेष्टा करतायत.

यमुना पुढे गेली. पायाला हात लावला. मग वाकून कानाशी म्हणाली, जरा मोठ्यानेच,

"कुंदाताय, मी हिरू."

मग मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

ताई, आता मला सुमन म्हणून हाक मारणारं कुणी नाही, हे काल घरी येताना कळलं. खूप रडले.

कुंदाताई, मनापासून श्रद्धांजली.

तुमची,
सुमन

(प्रोफाइलवर वेगळं नाव दिसेल. ते तांदळातलं आहे.)