अप्पांची टिचकी

अप्पा कुणाकडे चहाला गेले, की आधी बशीला टिचकी मारत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. "थांबा, आधी तिला बोलू द्या," म्हणत. तोवर चहा पार निवून जाई. त्याचं त्यांना काही नव्हतं! कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, उजव्या हाताची नखं मुद्दाम वाढवलेली. अहमदपूरच्या स्टँडमागे त्यांचं कपबशांचं दुकान होतं. चिनी मातीची त्यांच्यासारखी पारख तालुक्यात कुणाला नव्हती.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. जिल्ह्याला बदलून आलेल्या एका साहेबांना जुनी इंग्रजी भांडी जमवायचा नाद होता. आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक मोठी लंबगोल बशी होती, वाढायची. पांढऱ्यावर निळी फुलं, मागं विलायती छाप. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्याच वर्षी वारले होते आणि शेतात कुसळही उगवलं नव्हतं. बशी विकली तरच मी लातूरला नर्सिंगला जाणार होते. साहेब म्हणाले, "अप्पा ठीक म्हणाले, की घेतली."

आईनं दुकानात साहेबांसमोर बशीभोवतीची गोधडी सोडली. अप्पांनी बशी उलटी केली, छाप पाहिला. "माल अस्सल हाय." आईनं माझा हात दाबला. मग टिचकी. टण्ण! दुसरी, तीही टण्ण. तिसऱ्या जागी नख थांबलं ते थांबलंच. मी मनात म्हणत होते, पुरे झालं हो, ठेवा खाली! त्यांनी टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"साहेब, ही जोडलेली हाय. मीच जोडली." मग मान खाली घालूनच आईला म्हणाले, "वहिनी, दादांच्या हातून पडली होती. तुम्हाला सांगू नको म्हणून लई गळ घातली होती त्यांनी. आज शब्द मोडला."

साहेब निघून गेले. आई म्हणाली, "एक टिचकी कमी मारली असती तर काय बिघडलं असतं हो तुमचं?"

"लई बिघडलं असतं, वहिनी."

वर्षभर मी टँकरच्या घागरी वाहिल्या आणि घागरीगणिक अप्पांना शिव्या दिल्या. पुढच्या साली थोडं पिकलं, तेव्हा कुठं लातूर दिसलं.

पुष्कळ वर्षांनी अप्पा माझ्याच वॉर्डात आले. पोटाचा कॅन्सर. त्यांचा मुलगा दारातच हात जोडून उभा. "ताई, अप्पांना काही बोलू नका. गॅस हाय म्हणून सांगायलोय."

अप्पांनी माझं मनगट धरलं. "सगळे गोड बोलायलेत. तू सांग पोरी, चीर कुठवर गेलीय?"

गॅस हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्यांची बोटं दिसली. कुणीतरी नखं कापून टाकली होती. मला रडूच आलं.

"तळापर्यंत, अप्पा."

त्यांनी डोळे मिटले, अगदी दुकानात मिटत तसे. "हां. आवाज खरा हाय."

जरा वेळानं म्हणाले, "आईला सांग, त्या बशीत गरम काही वाढू नका. सांधा सुटंल."