बोंडेकाकांचं गांजाचं कार्ड

"कार्ड कोणत्या काउंटरवर भेटते?" खुर्चीत बसायच्या आधीच बोंडेकाकांनी विचारलं.

"काका, कार्ड वगैरे मिळत नाही," मी म्हटलं.

"मग एवढ्या थंडीत आम्ही आलो कशाला?"

प्रश्न रास्त होता. बाहेर विनिपेगचा जानेवारी होता.

मी इथल्या एका मेडिकल कॅनाबिस क्लिनिकमध्ये नर्स आहे. कॅनाबिस म्हणजे गांजा. सांगलीतल्या नातेवाइकांना हे मी अजूनही जरा हळू आवाजात सांगते. माझं काम इनटेकचं. म्हणजे डॉक्टरांच्या आधी पेशंटशी बोलायचं, जुनी दुखणी, चालू औषधं, बीपी लिहून घ्यायचं आणि हा माणूस या उपचाराला क्वालिफाय होतो का, याचा पहिला अंदाज घ्यायचा. बहुतेक लोक कार्डच मागत येतात. अमेरिकेत तसं कार्ड असतं, त्यामुळे इथेही असणार असं सगळ्यांना वाटतं. कॅनडात डॉक्टर एक मेडिकल डॉक्युमेंट देतात. रोज किती ग्रॅम आणि किती महिने, एवढं त्यात असतं. ते आम्ही लायसन्स असलेल्या एका कंपनीला पाठवतो, कंपनी पेशंटला रजिस्टर करते आणि माल पोस्टाने घरी येतो.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खिशात ठेवायला काहीच नाही?"

"कुणाला दाखवायचंय, काका?"

"कोणी विचारलं तर."

काका नागपूरचे. वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. आज सून स्नेहल ऑफिसमधून सुटी घेऊन सोबत आली होती. इथे गांजाची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, कुणीही सज्ञान माणूस जाऊन विकत घेऊ शकतो. मग दुकानात का नाही गेलात, असं मी विचारलं, तर काका माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या घराजवळच्या दुकानाला लागूनच इंडियन ग्रोसरी आहे आणि अर्धं मराठी मंडळ तिथे कोथिंबीर घ्यायला येतं. डॉक्टरांनी दिलेला गांजा वेगळा. त्याला इज्जत असते.

काका वॉशरूमला गेले तेव्हा स्नेहल माझ्याजवळ सरकली.

"ताई, आज काहीतरी होऊ दे. नाहीतर आम्ही एप्रिलचं त्यांचं तिकीट बुक करतोय."

"कुठलं?"

"नागपूरचं. तिथे ते एकटेच राहणार, मला माहितीये. पण त्यांचं इथे मनच लागत नाहीये. बोलत नाहीत, बाहेर पडत नाहीत. इराला, म्हणजे माझ्या मुलीला, आधी खाली ठेवत नव्हते. आता ती हात वर करून समोर उभी राहते आणि हे पेपर वाचतात." तिने दाराकडे बघितलं. "मुलगी आहे म्हणून की काय, असंही मनात येऊन जातं. सोनोग्राफीत मुलगी कळली तेव्हापासूनचं सगळं आठवायला लागतं मग. आय नो, दॅट्स अनफेअर."

पण काका आले तेव्हाची एक गोष्ट माझ्या डोक्यात होती. त्यांनी पार्काची, म्हणजे इथल्या जाड कोटाची, डावी बाही घातलीच नव्हती, नुसती खांद्यावरून लोंबत होती. उणे तीसमध्ये. स्नेहल म्हणाली होती, बाबा हट्टी आहेत.

काकांना गेल्या वर्षी डाव्या बाजूला नागीण झाली होती. नागिणीचे फोड जातात, पण काहींच्या नसा आतून दुखावलेल्या राहतात आणि त्वचा बरी दिसत असली तरी वेदना चालूच राहतात. त्यावरची नेहमीची दोन औषधं त्यांना देऊन झाली होती. एकाने चक्कर यायची, दुसऱ्याने दिवसभर झोप. म्हणून फॅमिली डॉक्टरने आमच्याकडे पाठवलं होतं. म्हणजे कागदावर निम्मं काम झालं होतं. आमच्या क्लिनिकचा नियम असा, की आधीचे उपचार करून झालेले हवेत आणि दुखण्यामुळे माणसाचं रोजचं जगणं अडलेलं हवं. हे दुसरं पेशंटने स्वतः सांगायचं असतं.

आमचे डॉक्टर फ्रीसन आत आले. सज्जन आणि काटेकोर माणूस. खुर्ची ओढून त्यांनी विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सगळ्यात जास्त, तर तुमचं किती?

"दहाची डेफिनेशन काय?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही कल्पना करू शकाल असं सर्वांत वाईट दुखणं."

काकांनी विचार केला. इंजिनिअर माणूस, मोजमाप करायचं तर कशाशी तरी ताडून बघणार. शेवटी म्हणाले, "वन. वन अँड हाफ, मॅक्झिमम."

"झोप?"

"व्हेरी गुड."

"रोजच्या कामात काही अडचण?"

"नो, नो. एव्हरीथिंग इज फाइन."

स्नेहल खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "प्रमिला, जो माणूस फाइन आहे त्याला मी काय लिहून देऊ?"

त्यांचं चुकत नव्हतं. चूक काकांचीही नव्हती. सुनेसमोर सासऱ्याने कण्हायचं, तेही एका परक्या गोऱ्या माणसाला आकडा सांगून? आपल्याकडे आयसीयूतला माणूससुद्धा भेटायला आलेल्यांना 'बरं आहे' म्हणतो आणि चहा घेऊन जा असा आग्रह करतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, बीपी परत बघते, पाच मिनिटं द्या. ते लॅपटॉपकडे वळले. मी काकांच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला आणि मराठीत सुरू केलं.

"माझ्या मामांना हेच झालं होतं काका. नागीण. पण त्यांच्याइतकं कुणाचंच दुखलं नसेल."

मामा खरे होते आणि त्यांचं दुखणंही खरं होतं. मी फक्त ते योग्य वेळी काढलं. आपली माणसं डॉक्टरला काही सांगत नाहीत, पण दुसऱ्याचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं ठरू देत नाहीत. मंडळाच्या कोजागिरीला बघा. एकाने शुगर सांगितली की दुसरा लगेच आपली काढतो.

"काय व्हायचं त्यांना?" काकांनी विचारलं.

"अंगात शर्ट घालवत नव्हता."

"शर्ट?" काकांना ते फारच किरकोळ वाटलं. "शर्ट तर मीही दात दाबून घालतो. पण गाडीचा पट्टा लागते ना, तेव्हा डोळ्यापुढे अंधारी येते. येताना पूर्ण रस्ताभर हातानं धरून ठेवला मी तो."

स्नेहलने मान वर केली.

"मामांना रात्री झोप नसायची," मी म्हटलं.

"पडून तरी राहत असतील. मी बेसमेंटमध्ये खुर्चीवर बसून राहतो. पलंगावर कूस बदलली की संपलं."

"पण बाबा, तुम्ही तर म्हणता टीव्ही बघत बसतो," स्नेहल म्हणाली.

"टीव्ही चालू असते."

मी डॉक्टरांना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. त्यांची बोटं कीबोर्डवर चालू झाली होती. काका मात्र आता मामांच्या मागेच लागले.

"तुमचे मामा नातवंडांना घ्यायचे?"

"घ्यायचे की. उजव्या खांद्यावर."

"हं." काका जिंकल्यासारखे मागे टेकले. "आमची इरा डाव्याच खांद्यावर झोपते. उजवीकडे घेतली तर रडते. एकदा झोपेत तिचा हात लागला आणि माझ्या हातून ती सुटलीच असती. तेव्हापासून घेणंच सोडलं मी. पडली असती तर?"

मग आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं. ते भिंतीवरच्या चार्टकडे बघू लागले.

स्नेहल रडत होती. "बाबा, तुम्ही एकदा सांगायचं ना. मला वाटलं..." काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. त्याने मला फार बरं वाटलं. काही गोष्टी घरातल्या घरात राहिलेल्याच चांगल्या.

"तू ऑफिस करून येते, घर पाहते," काका चार्टकडेच बघत म्हणाले. "त्यात माझं कुठे रडगाणं."

डॉक्टरांना मी हेही भाषांतर करून सांगितलं. ते लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाले, "हे दीड नाही."

त्यांनी कमीत कमी डोसचं तेल लिहून दिलं. त्यात नशा आणणारा भाग अगदी थोडा, रात्री जिभेखाली मोजके थेंब, हळूहळू वाढवायचे. काकांनी दोनच शंका विचारल्या. उपासाला चालते का, आणि पार्सलच्या डब्यावर पानाचं चित्र असते का. पार्सल साधंच येतं, हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. पुढे कंपनीकडून रजिस्ट्रेशनचा कागद आला, तो काकांनी लॅमिनेट करून घेतला, असं मला स्नेहलने फोनवर सांगितलं.

फॉलो-अपला ते एप्रिलमध्येच आले, ठरल्या वेळी; नागपूरचं तिकीट निघालंच नव्हतं. कोटाच्या दोन्ही बाह्या घातलेल्या होत्या. तेलाने चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. तसा तो सहसा होत नाही आणि काहींना तर काडीचा उपयोग होत नाही. काकांना झोप बरी लागत होती, एवढं खरं. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी काकांनी व्याख्या मागितली नाही.

"दिवसा चार. रात्री पाच. इरा खांद्यावर झोपली की सात."

"सात जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "डोस थोडा वाढवता येईल."

"नको. वाढवला तर सकाळी जड वाटते, मग तिला घ्यायची भीती वाटते." काकांनी बाहेर बसलेल्या सुनेला ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला. "ते सात राहू द्या."

डॉक्टरांनी डोस तसाच ठेवला. नव्या नर्सेसना ट्रेनिंग देताना मी हल्ली एवढंच सांगते, की आमच्या लोकांना किती दुखतं ते विचारू नका. दुखतं म्हणून काय सोडलंत, ते विचारा.