गार वाटणारी शाल

विणकरणीचा हिवाळा मनगटात गेला. सायकलवरून पडायचं निमित्त झालं, उजवा हात गळ्यात आला आणि शालींसाठी आणलेली लोकरीची पोती मागाशेजारी तशीच पडून राहिली. हात मोकळा झाला तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या कुणी ती लोकर डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवली असती. पण हिच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. तिने धोटा उचलला आणि घरात सकाळपासून खटॅक-खट, खटॅक-खट सुरू झालं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. हल्ली बिघडलेलं घड्याळ लोक सरळ फेकून देतात, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ होता. तिने त्याला कांड्यांवर लोकर गुंडाळायला बसवलं. गुंडाळता गुंडाळता त्याला डुलकी लागायची, आणि जाग यायची तेव्हा निम्मी लोकर त्याच्या अंगठ्यावर चढलेली असायची.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासरे. त्यांची उभी हयात बर्फाच्या कारखान्यात गेली होती. नोकरी सुटली, पण हाडांत मुरलेली थंडी काही सुटली नाही. भर दुपारी ते स्वेटर घालून, कान झाकून बसायचे. सुनेने मागाजवळचा पंखा लावला, की पंख्याने त्यांचं काही खाल्लं असावं तसे त्याच्याकडे बघायचे.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती आणि नवरा शालींचा गठ्ठा घेऊन निघाले, तेव्हा पंख्याला वैतागलेले सासरेही बरोबर निघाले. पत्र्याच्या छपराखाली, टोप्या विकणाऱ्याच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. सासऱ्यांनी गठ्ठ्यातली सगळ्यांत जाड शाल ओढून काढली, गळ्यापर्यंत लपेटली आणि घडीच्या खुर्चीत आरामात बसले.

गिऱ्हाईक फिरकेना. येणारेजाणारे शालींकडे नुसते बघायचे आणि कपाळ पुसत पुढे सटकायचे. चुकून कुणी थांबलंच, तर नवरा अगत्याने सांगायचा, "नको असेल तर राहू द्या हं."

मग गाण्याचे मास्तर आले. देहाने भारी, सदरा पाठीला चिकटलेला. ते शालीसमोर नाही, सासऱ्यांसमोर थांबले.

"आजोबा, उकडत नाही?"

"उकडतंय कुठलं?" सासरे म्हणाले. "गार वाटतंय मला."

मास्तरांनी वाकून त्यांचं कपाळ निरखलं. घामाचा टिपूस नव्हता. त्यांनी शालीचं टोक बोटांत धरून पाहिलं आणि आजूबाजूच्यांना सांगितलं, की हे गृहस्थ एवढी शाल पांघरून बसलेत आणि त्यांना गार वाटतंय. विणकरीण घाईघाईने मध्ये पडली. सासऱ्यांना बारमाही थंडी वाजते, शाल उबेचीच आहे, असं तिने परोपरीने समजावलं. मास्तर समजूतदारपणे हसले. धंद्याचं गुपित कोण सांगतं, असं म्हणून त्यांनी एक शाल काखेत मारली. बघ्यांनी आणखी काही उचलल्या.

पुढच्या बाजारी टपरीभोवती ही गर्दी. 'गार शाल' इथेच मिळते ना, असं लोक विचारू लागले. विणकरणीने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून टांगलं: 'शाल लोकरीची आहे. अंगावर घेतल्यास गरम होते.' लोकांनी ते वाचलं, बाई मोठ्या विनोदी आहेत म्हणाले आणि रंग निवडू लागले.

मग काय विचारता. तिला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. ती मागावरच जेवायची, मागावरच भांडायची. नवऱ्याच्या डुलक्या बंद झाल्या. सासऱ्यांचे तर नखरेच सुरू झाले. मागच्या वेळचा निळा रंग आपल्याला खुलत नव्हता, या वेळी तांबडी विण, म्हणाले. लोकांना मात्र नेमकी त्यांच्या अंगावरचीच हवी असायची. ती विकली गेली की म्हातारा कुडकुडायचा. "सूनबाई, लवकर दुसरी दे, मी उघडा पडलोय."

आणि एक दिवस मास्तर परत आले, लालबुंद होऊन. दुपारी शाल पांघरून आडवे झाले होते, उठले ते घामाने निथळत. विणकरणीला उलट हायसंच वाटलं. एका माणसाला तरी खरं कळलं होतं. ती शाल परत घ्यायला हात पुढे करणार, तोच सासरे खुर्चीतून म्हणाले, "घ्या बघू अंगावर, इथेच."

मास्तरांनी घेतली. सगळे बघत राहिले. मास्तरांच्या मानेवरून धारा लागल्या.

"आता काढा."

मास्तरांनी शाल उतरवली. पत्र्याखालून वाऱ्याची झुळूक आली, आणि ओलाचिंब सदरा घालून मास्तर डोळे मिटून उभे राहिले.

"कसं वाटतंय?"

"गार," मास्तर खर्जात म्हणाले, आणि बायकोसाठी आणखी एक शाल घेऊन गेले.

घरी आल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आपण लोकांना फसवतोय."

"मी एक तरी शब्द खोटा बोललो?"

तिने आठवून पाहिलं. ते बोलले नव्हते. तीही बोलली नव्हती. नवऱ्याने तर शाली नेऊच नका म्हणून सांगितलं होतं. राग कुणावर काढावा हे कळेना, तेव्हा तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

उन्हाळा सरता सरता लोकरही सरली. शेवटच्या बाजारी टेबल रिकामं पडलं. नवरा दोऱ्या सोडत होता. अंगावरची अखेरची शाल वाचवायला सासरे एका बाईशी हुज्जत घालत होते. तेवढ्यात शेजारचा टोपीवाला जवळ आला.

"वहिनी, हिवाळ्यासाठी वेगळं काही काढा ना. चांगलं ऊब देणारं. तुमच्या ह्या शाली थंडीत काय कामाच्या?"

समजावून सांगायला तिने तोंड उघडलं. सगळा उन्हाळा तिने तेच तर केलं होतं. तिने तोंड मिटलं, दुखरं मनगट चोळलं.

"काढेन की," ती म्हणाली. "रंग कोणता हवा?"