हरणाबाईनं मागितलेली शिक्षा

१९७४ साल. सांगलीच्या कोर्टात हरणाबाई साक्षीला उभी राहिली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, सिद्धूला जाऊन आठ महिने झाले होते. मेंढरं रस्ता ओलांडताना वळणावर ट्रकानं त्याला उडवलं होतं. ट्रक चालवणारा माधवनगरचा जोतीराम समोर मान खाली घालून उभा होता. वेग जास्त होता, हे त्यानं कबूल केलं होतं.

दीर नानासो मागून कुजबुजला, "वैनी, सडू दे त्याला तुरुंगात. आन् मेंढरं इकून टाकू. बाईमाणसाला त्या वळणावरनं कळप न्ह्यायला जमायचं न्हाई."

मेंढरं गेली की गावी, कवठे महांकाळात, दुसऱ्याच्या रानात खुरपायचं, एवढंच हरणाबाईच्या हाती उरणार होतं.

"बाई, काही सांगायचंय?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"माफ न्हाई केलं मी ह्याला. पर ह्यो पळाला न्हाई. मालकास्नी उचलून मिरजेच्या दवाखान्यात ह्योच घिऊन गेला. ह्यो आत बसंल, आन् वळणावर गाड्या तशाच सुटतील. मला ह्यो तितं वळणावर पायजे, सायेब."

कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. त्यांनी गुन्हा शाबीत धरला आणि दोन वर्षं नीट वागण्याच्या हमीवर जोतीरामला सोडलं.

"वळणाचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "कायद्यात तसं काही नाही."

"कायद्यात नसंल, बिरोबाकडं हाय." बाहेर येताच हरणाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि जोतीरामपुढं शपथेचा बेल-भंडारा धरला. "कळप जाताना आन् येताना, दोन्ही बारी वळणावर गाड्या आडवायच्या. उचल."

त्यानं तो उचलला.

दिवाळीनंतर कळप पश्चिमेला निघाला. वळणाशी येताच म्होरक्या मेंढा पाय रोवून उभा राहिला. मागची सगळी मेंढरं अडली.

"सांगितलं न्हवतं?" नानासो म्हणाला. "कुठला येतोय त्यो ड्रायवर?"

तेवढ्यात पलीकडं लाल फडकं हललं. जोतीराम रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याच्यामागं दोन ट्रक आणि एक एसटी खोळंबली होती.

"किती येळ रं गड्या?" एसटीचा ड्रायव्हर ओरडला.

"शेवटचं कोकरू जाईस्तवर."

हरणाबाईनं म्होरक्याच्या शिंगाला हात घातला आणि आधी स्वतः डांबरावर पाय ठेवला. "चल माज्या राजा."

तो हलला, तसा अख्खा कळप लोटला. मागं राहिलेलं एक लंगडं कोकरू नानासोनंच काखेत मारलं. पलीकडं पोचल्यावर हरणाबाईनं म्होरक्याच्या कपाळाला भंडारा लावला.

"आखाडाच्या आधी परत येतो आमी," ती जोतीरामला म्हणाली.

"हितंच असंन, आक्का."

सिद्धूची काठी खांद्यावर टाकून ती कळपाच्या पुढं चालू लागली. नानासो मागं.