सुकटीच्या वाळवणात आमची गाय

मंडळी, सकाळपासून डोळ्यांसमोर एकच चित्र तरंगतंय.

उजाडताना गोठ्यात गेले तर गाय दावं सोडवून पसार. सापडली ती किनाऱ्यावर, शेजारच्या कोळीण मावशीच्या सुकटीच्या वाळवणात. धुक्यात अर्धे डोळे मिटून संथ चघळत होती, जणू झोपेतच चालत आली होती.

मी ओशाळून हाकलायला धावले. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. पोटुशी हाय ती. माजे लेकीला पन सातव्यात सुकटच लागायची."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सुकट नको, पण तिला काय कमी पडतंय ते कळलं. नुसत्या पेंढ्यात प्रथिनं फार थोडी. पोटात वासरू वाढतंय, आजपासून पेंड द्या."

दुपारी खोबऱ्याची पेंड भिजवली. गोठाभर गोडसर वास दरवळला. तिने घमेलं चाटूनपुसून साफ केलं, मग कितीतरी वेळ माझा हात चाटत राहिली.

गेले दोन महिने ती रोज संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. मला वाटायचं, वारा आवडतो तिला. पुढ्यात पेंढा भरपूर होता, म्हणून मी निर्धास्त.

तुमच्या घरातही कुणी पोटभर जेवून असं लांब बघत उभं असतं का?